कोरस-व्हायब्रॅटोचे पेडल घरी जोडताना

गिटारच्या आवाजाला पसरट, हलती लहर देणारे कोरसचे पेडल घरी बनवता येईल का, हा प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. त्यासोबत शंकांची एक ठरलेली रांगही येते. व्हायब्रॅटोसाठी वेगळे सर्किट लागते का? कोणती आयसी घ्यायची? मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात बसून सामान कुठून मागवायचे? आणि मोठ्या कंपनीचे सर्किट पाहून बनवले तर तो गुन्हा ठरतो का?

थोडक्यात उत्तरे अशी. पेडल बनवता येते. व्हायब्रॅटोला वेगळे सर्किट लागत नाही, एक स्विच पुरतो. आयसीची निवड चुकली तर बाकीची मेहनत पाण्यात जाते, म्हणून त्या भागावर इथे जास्त जागा दिली आहे. गुन्ह्याचे शेवटी पाहू.

कोरस आणि व्हायब्रॅटो: फरक एका तारेचा

गिटारचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा पुन्हा वाजवायचा आणि तो उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहायचे, एवढेच हे पेडल करते. उशीर कमी होत असताना सूर किंचित चढतो, वाढत असताना उतरतो. हा हलता आवाज एकटाच ऐकवला की व्हायब्रॅटो. त्यात मूळ आवाज मिसळला की कोरस. डबल रीडच्या हार्मोनियममध्ये एकाच स्वराच्या दोन रीड केसभर फरकाने लागल्या की आवाज भरतो, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून मूळ आवाजाची तार स्विचने तोडली की कोरसचा व्हायब्रॅटो होतो. बॉस कंपनीने १९७६ मध्ये काढलेल्या सीई-१ या पहिल्या कोरस पेडलवर दोन्ही सोयी होत्या. तुम्हाला वेगळे काही शोधायचे नाही.

एक घोटाळा मात्र टाळा. इंटरनेटवर ‘कोरस/व्हायब्रॅटो’ असे शोधले की युनि-व्हाइब या दुसऱ्या पेडलच्या सर्किटचे नकाशेही समोर येतात. त्याच्याही स्विचवर हेच दोन शब्द आहेत, पण आतले यंत्र निराळे. त्यात एक लुकलुकणारा दिवा आणि त्याच्याभोवती चार एलडीआर (उजेडानुसार रेझिस्टन्स बदलणारे भाग) असतात, डिलेची आयसी नसते. तो मुळात फेजरच्या घराण्यातला. आवाज सुंदर आहे, पण एलडीआर जुळवून घेणे नवख्याला जड जाते. नकाशात दिवा दिसला तर तो सध्या बाजूला ठेवा.

आयसी कोणती? आधी मिलिसेकंद पाहा

कोरससाठी उशीर साधारण ५ ते २५ मिलिसेकंदांचा असावा. त्याहून बराच जास्त झाला की कान दोन आवाज वेगळे ऐकू लागतो. बाजारात तुमच्यापुढे मुख्यतः हे पर्याय येतील:

- पीटी२३९९. कराओकेच्या आणि माइकच्या इको बोर्डांत सर्रास असणारी १६ पायांची आयसी. स्वस्त आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा जुन्या इको बोर्डावर सापडते. ५ व्होल्टवर चालते.
- ३२०७ आणि ३१०२ ही जोडी. मूळ पॅनासॉनिकच्या एमएन३२०७ आणि एमएन३१०२. आता त्यांच्या नकला व्ही३२०७-व्ही३१०२ किंवा बीएल३२०७-बीएल३१०२ या नावांनी मिळतात. पहिली आवाज लांबवते, दुसरी तिला क्लॉक देते.
- एमएन३००७ आणि एमएन३१०१. बॉसच्या सीई-२ या १९७९ च्या पेडलमधली जोडी. जुन्या नकाशांत हीच दिसते.
- तयार किट किंवा जुने पेडल. सोल्डरिंगची आवड नसेल आणि फक्त आवाज हवा असेल तर सरळ हेच घ्या. घरी बनवलेले स्वस्त पडते, हा समज पहिल्या पेडलच्या बाबतीत खरा ठरत नाही. अवजारे, वाया गेलेले सुटे भाग आणि कुरियरचा खर्च धरला की हिशेब सारखाच होतो.

बहुतेक जण पीटी२३९९ पासून सुरुवात करतात, कारण ती हाताशी असते. इथेच गफलत होते. उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे तिच्या सहाव्या पायाला जवळजवळ शून्य रेझिस्टन्स दिला तरी उशीर सुमारे ३१ मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. तिथे रेझिस्टन्स फार कमी ठेवला तर पेडल चालू करताना आयसी अडकून बसण्याचा धोकाही असतो, म्हणून जाणकार तो २ किलोओहमच्या आसपास ठेवतात. मग उशीर ५२ मिलिसेकंदांवर जातो. मूळ आवाजासोबत तो मिसळला तर दोन जण एकाच वेळी वाजवल्यासारखा, थोडा ढिला परिणाम मिळतो. काहींना तो आवडतो. पण व्हायब्रॅटोवर टाकल्यावर मूळ आवाज बंद होतो आणि तार छेडल्यावर स्वर मागाहून येतो. जलद वाजवताना हात अडखळतो, आणि दोष सर्किटचा असून वाजवणारा स्वतःच्या तालाला बोल लावत बसतो.

३२०७ मध्ये १०२४ टप्पे आहेत. आवाज एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलला जातो आणि उशीर असा निघतो: १०२४ भागिले क्लॉकच्या दुप्पट. क्लॉक १०० किलोहर्ट्‌झ असेल तर ५.१२ मिलिसेकंद, ५० असेल तर १०.२४, २५ असेल तर २०.४८. कोरसची सगळी मोक्याची जागा या मर्यादेत येते. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे: शिकण्यासाठी आणि हात बसवण्यासाठी पीटी२३९९ वापरा, वाजवायचे पेडल ३२०७ वर बांधा.

३००७ आणि ३२०७ ची अदलाबदल करू नका. पाय आठच असले तरी एक पी-चॅनेल आहे, दुसरी एन-चॅनेल, त्यामुळे सप्लायची दिशा उलटी होते. जुन्या ‘पॅनासॉनिक’ छापाच्या आयसी फार स्वस्तात दिसल्या तर त्या बहुधा नव्याने छाप मारलेल्या असतात. नवी नक्कल घ्या, ती निदान नकलेच्या नावाने तरी विकली जाते.

सामान आणि ते कुठून आणायचे

रेझिस्टन्स, कपॅसिटर, झिरो पीसीबी, आयसी बेस, सोल्डर वायर या रोजच्या वस्तू बुलडाणा, मलकापूर, खामगाव इथल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत विचारा. एखादी व्हॅल्यू मिळाली नाही तर जळगाव किंवा अकोला. ३२०७, ३१०२, नऊ पायांचा फूटस्विच आणि अॅल्युमिनियमची ओतीव पेटी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ किंवा ऑनलाइन दुकान यांच्याकडूनच मागवावी लागेल. परदेशी व्हिडिओंत ‘अलीएक्सप्रेसवरून घ्या’ असे सांगतात, पण ते अॅप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. इतर परदेशी दुकानांतून मागवलेल्या मालावर सीमाशुल्क लागू शकते, हे ऑर्डर देण्याआधी लक्षात घ्या.

यादी करताना या गोष्टींवर कंजूषी नको:

- टीएल०७२ (आवाजाच्या वाटेसाठी) आणि टीएल०६२ (लहर तयार करण्यासाठी). दोन्ही जागी टीएल०७२ चालते असे सांगितले जाते, पण तिला करंट जास्त लागतो आणि लहरीची ‘टिक-टिक’ आवाजात उतरू शकते.
- प्रत्येक आयसीला बेस. ३२०७ थेट सोल्डर करू नका.
- १एन५८१७ डायोड, उलट्या पिनपासून बचावासाठी.
- २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न आणि आत रेझिन असलेली वायर. पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट बोर्डाला लावू नका, काही महिन्यांत तांबे हिरवे पडते.
- साधा डिजिटल मल्टिमीटर.

ओतीव पेटी मिळत नसेल तर घराच्या वायरिंगमध्ये मॉड्युलर स्विचसाठी भिंतीत बसवतात तो लोखंडी मेटल बॉक्स चालतो. तो इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो. प्लास्टिकचा डबा वापरलात तर आतून अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडा, नाहीतर ट्यूबलाइटची आणि मोटारपंपाची गुणगुण पेडलमधून ऐकू येईल. स्टीलचा डबा दिसायला झकास, पण त्याला भोक पाडताना ड्रिलचे दोन-चार बिट जातील.

जोडणीचा क्रम

सगळे एकदम सोल्डर करून मग चालू करणे ही नवख्यांची हमखास सवय. तसे करू नका. एक टप्पा, एक चाचणी.

१. फूटस्विच आणि जॅक. बोर्ड न लावता आधी एवढेच जोडा. स्विच बायपासवर असताना गिटार सरळ ॲम्प्लिफायरमधून ऐकू आली पाहिजे.

२. सप्लाय. ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. गिटारच्या पेडलांची ही रूढ पद्धत आहे. आपल्याकडच्या अनेक अॅडॉप्टरांत मात्र मधली पिन पॉझिटिव्ह असते. अॅडॉप्टर लावण्याआधी मीटरने पिन आणि व्होल्टेज दोन्ही तपासा. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या अॅडॉप्टरवर ९ लिहिलेले असते आणि लोड नसताना १२ किंवा त्याहून जास्त निघतात. ३२०७ ची शिफारस केलेली मर्यादा १० व्होल्ट आहे. आयसी बसवण्याआधी बेसच्या पायांवर व्होल्टेज मोजून घ्या.

३. इनपुट बफर. टीएल०७२ चा अर्धा भाग. इनपुटला १ मेगाओहमचा रेझिस्टन्स ठेवा, तो कमी असेल तर पिकअपचा वरचा झणकार मरतो. अर्ध्या सप्लायचा बायस दोन १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने तयार होतो.

४. क्लॉक आणि डिले. ३१०२ चे दोन क्लॉक ३२०७ ला जातात. तिला लागणारा तिसरा व्होल्टेज, म्हणजे व्हीजीजी, तोही ३१०२ स्वतःच देते. ३२०७ च्या आधी आणि नंतर लो-पास फिल्टर हवेतच, साधारण ७-८ किलोहर्ट्‌झच्या आसपास. फिल्टर गाळून काम उरकलेत तर आवाजामागे शिट्टी येते.

५. बायस लावणे. ३२०७ च्या इनपुटला एक प्रीसेट असतो. ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. मूळ आवाजाची तार सोडवून फक्त डिलेचा आवाज ऐका, तारा जोरात छेडा आणि प्रीसेट फिरवा. एका बाजूला आवाज फाटून नाहीसा होईल, दुसऱ्या बाजूलाही होईल. दोन्हींच्या बरोबर मध्ये थांबा. नव्याने बनवलेले पेडल ‘बंद’ असल्याच्या तक्रारींत पुष्कळ वेळा फक्त हा प्रीसेट एका टोकाला असतो.

६. लहर. टीएल०६२ च्या दोन भागांतून त्रिकोणी लहर. ती ३१०२ च्या क्लॉकला हलवते. वेगाचा आणि खोलीचा असे दोन पॉट.

७. मिश्रण आणि स्विच. मूळ आवाज २२ किलोओहममधून, डिलेचा आवाजही २२ किलोओहममधून, शेवटच्या ऑप-अॅम्पला फीडबॅक २२ किलोओहम. व्हायब्रॅटोसाठी सहा पायांचा स्विच घ्या: एक बाजू मूळ आवाज तोडेल, दुसरी फीडबॅक ३३ किलोओहम करेल. दुसरी बाजू वापरली नाही तर व्हायब्रॅटोवर टाकताच आवाज बसल्यासारखा वाटतो.

वेग वाढवाल तेव्हा खोली कमी करा

याचे गणित एकदा पाहिले की पॉट कुठे ठेवायचा ते आपोआप कळते. उशीर १ मिलिसेकंद वर आणि १ मिलिसेकंद खाली हलत असेल आणि लहर सेकंदाला एकदा होत असेल, तर सूर सुमारे ७ सेंट सरकतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा हे कानाला गोड लागते. खोली तीच ठेवून वेग सेकंदाला ५ केला की सरक ३४ सेंटांवर जाते, म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. गिटार बेसूर झाली असे ऐकणाऱ्याला वाटते. मंद कोरस खोल चालतो, जलद व्हायब्रॅटो उथळच हवा.

त्रिकोणी लहरीत आणखी एक खोच आहे. उशीर सरळ रेषेत वाढतो-घटतो, म्हणून सूर हळूहळू न हलता दोन ठिकाणांमध्ये उड्या मारतो. कोरसमध्ये हे झाकले जाते, व्हायब्रॅटोमध्ये नाही. लहरीच्या वाटेत एक रेझिस्टन्स आणि कपॅसिटर टाकून तिची टोके गोल करा. गायकाच्या गळ्यासारखा हेलकावा हवा असेल तर हा दोन सुट्या भागांचा खर्च चुकवू नका.

आवाज बिघडला तर

मल्टिमीटरपेक्षा जास्त उपयोगी पडेल असे एक अवजार घरीच करा: ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोडा. गिटार छेडत कपॅसिटरचे टोक एकेका टप्प्याला टेकवत जा. आवाज जिथे तुटतो तिथे बिघाड. हे फक्त बॅटरीवर किंवा ९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या सर्किटवर करा, मेन्सवर चालणाऱ्या यंत्राच्या आत कधीही नको.

- लहरीच्या तालावर टिक-टिक: लहरीच्या आयसीला सप्लाय वेगळ्या वायरीने द्या, मध्ये १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड टाका. तिच्या वायरी इनपुटपासून लांब न्या.
- कोरसवर आवाज पोकळ, जाड तारांचा दम गेलेला: डिलेचा आवाज उलट्या फेजमध्ये मिसळतो आहे. वाटेत एक इन्व्हर्टिंग टप्पा जास्त किंवा कमी झाला आहे.
- जोरात वाजवल्यावर चरचर: बायस पुन्हा लावा. तरीही राहिली तर इनपुटची पातळी कमी करा, ३२०७ ला मोठा सिग्नल झेपत नाही.
- व्हायब्रॅटो चालतो, कोरस नाही: मूळ आवाजाच्या तारेचा जोड पाहा, बिघाड बहुधा तिथेच असतो.

बेंजो जोडणार असाल तर

आपल्याकडे पेडल मागणारे सगळे गिटारवाले नसतात. मिरवणुकीत आणि वरातीत वाजणाऱ्या बेंजोला, म्हणजे पिकअप लावलेल्या बुलबुल तरंगाला, हेच पेडल चालते. पण दोन गोष्टी सांभाळा. बेंजोच्या मुख्य तारा एकाच स्वरात जोडीने लावलेल्या असतात, म्हणजे त्यात थोडा कोरस आधीच आहे. त्यावर खोल कोरस दिला की धून कळेनाशी होते, म्हणून खोली कमी ठेवा. शिवाय बेंजोवर इको लावण्याची पद्धत आहे. कोरस इकोच्या आधी ठेवा, मागे नको.

विजेची काळजी

पेडल स्वतः ९ व्होल्टचे, निरुपद्रवी. धोका दुसरीकडे असतो. गिटारच्या तारा ग्राउंडमधून ॲम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या असतात. मंडपातल्या जोडणीला अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये लीकेज असेल, तर हातात गिटार आणि ओठाला माइक अशा स्थितीत शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. तीन पिनांच्या प्लगचा मोठा पाय काढून टाकू नका, गुणगुण जाते म्हणूनही नाही. माइकची आणि गिटारची सिस्टीम एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या. त्या बोर्डाला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर पेडल बॅटरीवर चालवा.

तुमचे हक्क

*माल खराब निघाला तर.* ऑनलाइन मागवलेली आयसी सदोष, बनावट किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि बिल जपा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी रोहिणखेडच्या माणसाला बुलडाण्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. शंभर-दोनशे रुपयांच्या आयसीसाठी आयोगापर्यंत कोणी जाणार नाही हे खरे, पण हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक ई-मेलमध्ये लिहिला की बरेच विक्रेते जागे होतात.

*नकाशा पाहून बनवणे.* भारतात पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे असते. सत्तरच्या दशकातल्या सर्किटांवर ती केव्हाच संपली. स्वतः वापरण्यासाठी तसे पेडल बनवण्यात काही गैर नाही.

*बनवून विकणे.* इथे दोन गोष्टी पाहा. पेटीवर दुसऱ्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह किंवा फसवे साम्य असेल तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली अडचण येते. स्वतःचे नाव द्या. आणि कोणीतरी आखून इंटरनेटवर ठेवलेल्या पीसीबीच्या चित्रावर त्याचा कॉपीराइट असू शकतो. अशा चित्रांखाली बहुधा ‘फक्त स्वतःच्या वापरासाठी’ असे लिहिलेले असते. विकायचे असेल तर बोर्ड स्वतः आखा किंवा लेखी परवानगी घ्या. विकलेल्या पेडलचे बिल द्या आणि दुरुस्तीची मुदत त्यावर लिहा, कारण एकदा पैसे घेतले की ग्राहक कायदा तुमच्या गिऱ्हाइकाच्याही बाजूने उभा राहतो.